सर्पगंधेची मुळी आणि मुंबईचे डॉक्टर वकील

रक्तदाबाची गोळी रोज घेणारे श्रोते या मंडपात थोडेथोडके नसावेत. या औषधांच्या इतिहासात आपल्या मुंबईचा वाटा कोणता, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले. पण मुलुंड-भांडुपच्या त्या फाटकांवर हा विकार आम्हांला इतक्यांदा भेटला, की त्याचा इतिहास शोधीत जाणे भाग पडले.

१९४५ च्या १२ एप्रिलला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने वारले. त्या दिवशी त्यांचा वरचा दाब ३०० च्या पुढे गेला होता. हृदयरोगाचा जाणकार वर्षभर त्यांच्या दिमतीला होता; पण त्याच्या हाती भरवशाचे औषधच नव्हते. मीठ तोडावे, विश्रांती घ्यावी, फार झाले तर पाठीतील नसा कापून घ्याव्यात, एवढेच उपाय. जगातल्या बलाढ्य माणसाची ही गत, मग साच्यावरच्या कामगाराची काय सांगावी?

आपल्याकडे त्या वेळी सर्पगंधेची मुळी होती. बिहारात तिला ‘पागल की दवा’ म्हणत. बेभान झालेला माणूस तिने शांत होई. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबही उतरविते असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकींनी तिच्यातील द्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून ‘अजमलीन’ नाव दिले.

आमच्या पूर्वजांना सगळेच ठाऊक होते, असे म्हणणारे मित्र आम्हांला आहेत. मुळी त्यांना ठाऊक होती, हे खरेच. पण दंडावर पट्टा बांधून दाब मोजण्याची रिव्हा-रोची यांची युक्ती १८९६ मधली, आणि नळी कानाला लावून वरचा-खालचा दोन्ही आकडे घेण्याची कोरोत्कोव्ह यांची रीत १९०५ मधली. माप नसेल तर औषधाने काय केले हे सांगायचे कसे? मजुरीच्या तंट्यात आम्ही हेच शिकलो: हजेरीपट आणि वजनकाटा समोर असल्याखेरीज नुसत्या तक्रारीला कोणी विचारीत नाही.

ते मापाचे काम मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी केले. जन्म १९११ चा, वैद्यकीचे शिक्षण लंडनला, आणि काम परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, म्हणजे गिरण्यांच्या ऐन वस्तीत. त्यांनी वाढत्या दाबाच्या ५० रुग्णांना काही आठवडे सर्पगंधा दिली, दाब पुनःपुन्हा मोजून ठेवला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ मध्ये निबंध छापला. बहुतेकांचा दाब उतरला होता. भारतात जुनी असलेली गोष्ट पश्चिमेच्या डॉक्टरांनी तेव्हा कोठे मनावर घेतली. १९५२ साली बाझलच्या सीबा कंपनीत मुळीतून ‘रिझर्पीन’ वेगळे झाले. नसांच्या टोकांशी साठलेले, रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य ते रिते करते. वाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

पण दाबाचा आकडा उतरला म्हणजे माणूस वाचला काय? हा प्रश्न तेव्हाही बाकीच होता. उत्तर १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आले. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले. एकाला रिझर्पीनसह तीन औषधे, दुसऱ्याला हुबेहूब तशाच पण निर्गुण गोळ्या. निर्गुण गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर संकट ओढवले, औषधाच्या गटात दोघांवर. दाब आवरला तर पुढचा घात टळतो, हे असे सिद्ध झाले, आणि त्या गोळीत आपल्या मुळीचे सत्त्व होते.

आमचा एक सहकारी, यंत्रावरचा कसलेला मिस्त्री, गोळी सोडून बसला. “दुखत तर काही नाही, साहेब, मग रोजचा खर्च कशाला?” त्याचा कारखाना बंद पडला होता आणि थकलेली देणी मिळायची होती. आम्ही त्या देण्यांसाठी मोर्चे काढले. गोळीचे विचारले नाही. आठ महिन्यांनी त्याची उजवी बाजू गेली. देण्याच्या कागदावर त्याने डाव्या हाताचा अंगठा उठविला.

रिझर्पीनने मन खिन्न होई, नाक चोंदे. नवी औषधे आली तशी ती गोळी मागे पडली. मुळीची मागणी मात्र चालूच राहिली. मुळीसाठी झाड उपटावे लागते, म्हणजे एक खोदणी आणि एक झाड कमी. रानोमाळ ती इतकी खणली गेली, की १९९० साली तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्बंध घालावे लागले. वकिलांचे नाव निबंधावर आहे, सीबाचे बाटलीवर होते. ती खणून आणणाऱ्या रानकऱ्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर आमच्या पाहण्यात आली नाहीत.