भिस्त्याचा वारस

गुरू सिंहेत आणि रवी मेषेत आल्याखेरीज उज्जयिनीचा सिंहस्थ भरत नाही, आणि रवी मेषेत येतो तो माळव्याची काळी जमीन तापून भेगाळलेली असते त्याच दिवसांत. त्यामुळे बारा वर्षांनी एकदा क्षिप्रेच्या तीरांवर जे तंबूंचे नगर वसते, त्याला मुहूर्ताइतकीच उन्हाचीही चिंता वाहावी लागते. 2016 साली चैत्री पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत हे नगर नांदले, तेव्हा साध्या राहुट्यांतून कूलर घरघरत होते आणि ऐपतदार डेऱ्यांतून वातानुकूलनाची यंत्रे. ज्या निवाऱ्याला पाया नाही त्यात गारवा आणावा कसा, आणि आणलेल्या गारव्यावर नजर ठेवण्याची चाकरी कोणी करावी, हे दोन्ही प्रश्न या भूमीला जुने आहेत. पहिल्याची उत्तरे पुष्कळांनी कौतुकाने लिहून ठेवली; दुसऱ्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. अमेरिकेत मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या फिरत्या घराच्या, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरच्या, भिंतीवर आज जो स्मार्ट थर्मोस्टॅट बसवतात, तो या दुसऱ्या प्रश्नाच्या वंशातला आहे, आणि त्याची कुळकथा सांगायची तर आरंभ पाणी वाहणाऱ्या भिस्त्यापासून करावा लागतो.

अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुक्कामाचा सरंजाम तपशीलवार नोंदला आहे. एका छावणीच्या वाहतुकीला 100 हत्ती, 500 उंट आणि 400 गाड्या लागत. दिमतीला 1000 फर्रास असत, आणि त्यांच्याबरोबर 100 भिस्ती. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळे भरून, त्यांवर पाणी शिंपून, भर उन्हाळ्यात हिवाळा आणणाऱ्या खोल्यांचा प्रघात बादशहाच्या आज्ञेने पडला, असेही तो सांगतो. पुढे मराठ्यांच्या अठरा कारखान्यांत तंबू-कनाती फरासखान्याकडे आणि पाणी आबदारखान्याकडे अशी वाटणी झाली. शिंद्यांची गादी उज्जैनला असली तरी सरदारांचे निम्मे आयुष्य डेऱ्यातच जाई, आणि 1810 साली दौलतराव ग्वाल्हेरीस स्थिरावले तेव्हा त्यांच्या तळाचे जे शहर झाले, त्याचे नाव लश्कर असेच राहिले.

वाळ्याच्या ताटीचे गणित वरवर सोपे आहे. कोरडा तप्त वारा ओल्या मुळांतून जाताना पाण्याची वाफ करतो, वाफ होण्यास लागणारी उष्णता त्याच वाऱ्यातून खेचली जाते, आणि आत येतो तो गार व सुगंधी होऊन येतो. परंतु पाणी किती शिंपावे, हे हातालाच कळावे लागे. कमी पडले तर ताटी वाळून लू सरळ आत शिरे. अधिक पडले तर सतरंजी दमट होई, उशा ओलसर लागत आणि निजणाऱ्याची छाती भरे. त्यात माळव्याची रात्र विख्यात आहे ती तिच्या शीतलतेमुळे. दिवसभर जी ताटी प्राणरक्षक, तीच मध्यरात्रीनंतर उपद्रवी, तेव्हा कोणत्या प्रहरी हात थांबवावा हेही भिस्त्यानेच जाणायचे. आणि यातली खरी मेख अशी की उकाडा वा गारठा अनुभवणारा धनी कनातीच्या आत, आणि पाणी मारणारा भिस्ती पखाल घेऊन बाहेर उन्हात. दोघांमधला दुवा म्हणजे आतून येणारी हाक. संवेदना एकीकडे, कृती दुसरीकडे आणि मध्ये एक निरोप, ही थर्मोस्टॅटची संपूर्ण रचना त्या डेऱ्यात हाडामांसाच्या रूपाने उभी होती.

उज्जैनच्या उत्तरेस क्षिप्रेच्या पात्रात कालियादेह महाल आहे. नदीचे पाणी कुंडांत आणि दगडी पाटांत खेळवून वास्तू थंड ठेवण्याची तिथली योजना माळव्याच्या सुलतानांची; 1920 साली माधवराव शिंद्यांनी महालाचा जीर्णोद्धार केला. 1617 च्या आरंभी मांडूकडे निघालेल्या जहांगीराचा मुक्काम या परिसरात पडला, जदरूप नावाच्या गोसाव्याची त्याने याच वेळी भेट घेतली, आणि त्या चालत्या राजधानीच्या मागोमाग इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो फरफटत होता. रो ज्याचे मीठ खात होता, त्याच जेम्सच्या आश्रयाला लंडनमध्ये कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचा एक डच कारागीर होता. या ड्रेबेलने 1620 च्या सुमारास अशी भट्टी रचली की तिची आच तिने स्वतःच आवरावी. भट्टीत मद्यार्काने भरलेले काचपात्र ठेवलेले. उष्णता वाढली की मद्यार्क प्रसरण पावे, तो नळीतल्या पाऱ्याला ढकली, पारा एक दांडी उचली, आणि दांडी हवेचे झाकण लावून विस्तवाचा श्वास कोंडी. कोंबडीची अंडी उबवण्यासाठीही त्याने हीच युक्ती वापरली. एकाच राजाचा एक चाकर 100 भिस्त्यांची परंपरा पाहत माळव्यात हिंडत असावा आणि दुसऱ्याने त्याच सुमारास भिस्त्याला अनावश्यक करणारे यंत्र घडवावे, हा योगायोग इतिहासाने विनाकारण वाया घालवला, असे मला नेहमी वाटते.

यानंतरची अडीच शतके झपाट्याने ओलांडावी. घड्याळजी जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र जडवल्या. पितळ अधिक प्रसरण पावते म्हणून पट्टी तापली की वाकते. 1830 साली अँड्र्यू यूरने त्याच तत्त्वावर उष्णतानियामक काढून त्याला थर्मोस्टॅट हे नाव दिले. पण भिस्त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा पुरुष म्हणजे विस्कॉन्सिनमधला शिक्षक वॉरन जॉन्सन. त्याच्या शाळेचा शिपाई वर्गावर्गात जाऊन तापमापक पाही आणि मग तळघरात उतरून भट्टीची झाकणे सरकवी. या येरझाऱ्यांनी अध्यापनाचा विचका होई. म्हणून जॉन्सनने 1883 साली ज्या विद्युत्-यंत्राचे पेटंट घेतले, ते आरंभी एवढेच करी: वर्ग गार वा उष्ण झाला की तळघरात घंटा वाजवी. कनातीतल्या हाकेला तारेचे रूप आले; माणूस मात्र अद्याप जागच्या जागी होता. दोन-तीन वर्षांतच अल्बर्ट बुट्झने मिनियापोलिसमध्ये साखळी आणि मोटर लावून झाकण आपोआप उघडणारी योजना केली, आणि तळघरातल्या शिपायाची रजा मंजूर झाली.

फिरत्या घरात मात्र ही रजा उशिरा मिळाली, कारण तिथे शीतलतेचा साठाच मोजका असतो. 1934 साली मुंबई-पेशावर फ्रंटियर मेलला जो गार डबा जोडला, त्याच्या तळाशी बंदिस्त पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरलेल्या असत आणि बॅटरीवरचा पंखा त्यांवरून हवा आत लोटी. वाटेतल्या स्थानकांवर बर्फ पुन्हा भरावा लागे. ही गाडी उज्जैन जिल्ह्यातल्या नागद्यावरून जाई, म्हणजे पखालीचा नातू माळव्यात पुन्हा अवतरला तो रुळांवरून. पुढे आपल्या वातानुकूलित डब्यांत पाऱ्याचे थर्मोस्टॅट आले: काचनळीतला पारा चढून धातूच्या टोकाला भिडला की मंडल पुरे होते आणि यंत्र सुरू होते. ड्रेबेलच्या पाऱ्याला इतकी दीर्घ सेवा अन्यत्र क्वचितच करावी लागली असेल.

अमेरिकी ट्रेलरमध्ये दीर्घकाळ वाकणाऱ्या पट्टीचाच अंमल होता. तिची सरकपट्टी ढोबळ. नेमल्या तापमानाच्या अलीकडे-पलीकडे खोली झोके घेत राही. ती काढून नवा स्मार्ट थर्मोस्टॅट बसवू पाहणाऱ्याला पहिला अडसर लागतो तो विजेचा. जुनी पेटी भिंतीवरून सोडवली की मागे तारांचा झुबका दिसतो: एक पंख्याची, एक कॉम्प्रेसरची, एक गॅसच्या भट्टीची, आणि दोन बॅटरीकडून आलेल्या, 12 व्होल्ट एकदिश प्रवाहाच्या. त्या देशातल्या घरांचे थर्मोस्टॅट मात्र 24 व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर बेतलेले, म्हणून 2011 साली निघालेला आणि धन्याच्या सवयी ध्यानात ठेवणारा नेस्ट कितीही देखणा असला तरी ट्रेलरच्या भिंतीवर तो तसाच जोडून भागत नाही. फिरत्या घरासाठी निराळे घडवलेलेच उपकरण घ्यावे लागते. उष्णतेबरोबर विद्युत्-रोध बदलणारा एक चिमुकला मणी त्यात पट्टीचे व पाऱ्याचे काम करतो. कॉम्प्रेसर तळावरच्या खांबातून येणाऱ्या विजेवर चालतो, थर्मोस्टॅट बॅटरीवर. त्यामुळे खांबाची वीज गेली तरी तो जागा असतो, आणि नेटवर्क असेल तर आत कोंडलेल्या कुत्र्याच्या धन्याला दूरच्या बाजारात फोनवर कळवतो की खोली तापू लागली आहे. पूर्वी आतला धनी बाहेरच्या चाकराला हाक मारी. आता आतला चाकर बाहेरच्या धन्याला मारतो.

असे घर घेऊन 2028 च्या सिंहस्थाला कोणी उज्जैनला उतरलाच, तर त्याने रात्रीचा अंक वर सरकवून यंत्राला विश्रांती द्यावी आणि खिडकी उघडावी. वैशाखात दिवसा वाळ्याचा कूलर स्वस्तात तेच सुख देईल. मृगाच्या सरी कोसळल्या आणि हवेतच पाणी भरले, की ताट्या गुंडाळून कॉम्प्रेसरला कामावर बोलवावे.