बापाचा दावा, लेकाचा खर्च

पेशवाईत दिवाणी कज्जा निकालात निघाला, की सरकारला दोन्ही बाजूंनी पैसा मिळे. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी भरी. पण हरलेला माणूसच मेला, तर देणे कोणाच्या गळ्यात पडायचे?

याज्ञवल्क्य स्मृतीने एक सीमा आखली होती. दारू-जुगाराचे कर्ज आणि भरायचा राहिलेला दंड मुलाने फेडू नये. बाकीचे ऋण मात्र सहसा चुकत नसे. बृहस्पतीच्या मते बापाचे कर्ज मुलाने व्याजासह फेडायचे, आजोबांचे नातवाने मुद्दलापुरते. मुंबई इलाख्यात इंग्रजी न्यायालयांनी हा नियम इतका कडक धरला, की वारशात फुटकी कवडी आली नाही तरी मुलगा-नातू देणेकरी ठरत.

हे जोखड 1866 च्या सातव्या मुंबई कायद्याने उतरवले. वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मिळकतीपुरती राहिली. पुनर्विवाह केलेल्या विधवेच्या नव्या नवऱ्यालाही पहिल्याच्या कर्जातून मोकळीक मिळाली.

कागदावर मिळालेली ही मोकळीक खेड्यात सहज पोचली नाही. बाप गेल्यावर सावकार नवा रोखा पुढे करी. मुलाने त्यावर अंगठा उठवला, की वडिलांचे देणे त्याचे स्वतःचे होई आणि कायद्याची ढाल गळून पडे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने वडिलोपार्जित कर्ज हेही कुणब्याच्या दैन्याचे एक कारण मानले.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हिशेब आणखी नेमका केला. मयतावर हुकूमनामा झाला असेल, तर कलम 50 प्रमाणे दरखास्त वारसावर चालते, पण हाती आलेल्या आणि रीतसर खर्ची न पडलेल्या मिळकतीपुरतीच. समजा, दावा आणि खर्च मिळून देणे 500 रुपये आहे आणि वारशात 300 रुपयांची बैलजोडी आली आहे. मग वसुली 300 वर थांबते. वारसाच्या स्वतःच्या कमाईला बेलिफाने हात लावायचा नाही. मात्र मयताचा वारस म्हणूनच त्याच्यावर हुकूमनामा झाला असेल आणि बैल कुठे गेले हे त्याला पटवून देता आले नाही, तर कलम 52 खाली तेवढी रक्कम त्याच्या खिशातून निघू शकते.

दाव्याच्या खर्चाची गोष्ट आणखी नाजूक. खर्च कोणी आणि कोणत्या मिळकतीतून द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार कलम 35 ने न्यायालयाला दिला. बापाच्या हयातीत लागू झालेला खर्च त्याच्या मिळकतीवर बसतो. पण दावा चालू असताना बाप वारला, मुलगा त्याच्या जागी उभा राहिला आणि हट्टाने लढून हरला, तर त्या लढाईचा खर्च त्याच्यावर जातीने बसवता येतो. म्हणून अशा निकालपत्रात ‘मयताच्या मिळकतीतून’ हे शब्द आहेत की नाहीत, ते वारसाने आधी पाहावे.

केवळ पुत्रधर्माच्या, म्हणजे बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य या कल्पनेच्या, आधारे मुला-नातवावर कर्ज लादायची वाट 9 सप्टेंबर 2005 रोजी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने बंद केली. त्याआधीच्या कर्जांना जुनाच नियम लागू राहिला.