शिडांचं गाव, द्राक्षांचं गाव

क्रोएशियाच्या दक्षिणेला पेल्येशात्स नावाचं एक लांबट, चिंचोळं द्वीपकल्प आहे. तिथे कोर्चुला बेटाच्या बरोब्बर समोर ओरेबिच हे छोटंसं गाव. आज लोक तिथे जातात ते समुद्रात डुंबायला आणि वाईन प्यायला. मीही त्यासाठीच गेलो होतो, खोटं कशाला बोला! पण एवढ्याशा गावात ऐसपैस दगडी घरं, पुढे बाग, हा थाट कुठून आला?

ही घरं जहाजांच्या कप्तानांची. १३३३ पासून हा मुलूख डुब्रोव्निकच्या व्यापारी प्रजासत्ताकाकडे होता. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फ्रेंचांनी ते प्रजासत्ताक बुडवलं, पण इथल्या लोकांची दर्यावर्दी विद्या काही बुडाली नाही. १८६५ मध्ये त्यांनी भाग-भांडवल गोळा करून स्वतःची जहाज कंपनी काढली. तिच्याकडे लांब पल्ल्याची ३३ शिडाची जहाजं होती आणि गावात स्वतःची गोदीही!

आणि १८९१ मध्ये कंपनी बंद.

कारण वाफ. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि त्याचा फायदा मिळाला तो आगबोटींना. शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्रातले वारे सोयीचे नव्हते. आगबोटींना लागणारं भांडवलही वेगळ्याच पातळीचं. इथल्या कप्तानांना वाऱ्याची नस न् नस ठाऊक होती. पण आता त्या ज्ञानाला गिऱ्हाईकच उरलं नाही. आम्हा इंजिनियर मंडळींना हे वाचताना पोटात जरा गोळा येतो, काय?

उरली ती द्राक्षं. ओरेबिचजवळचे पोस्तुप आणि दिंगाच हे समुद्रावर उतरणारे खडे डोंगर. वरून ऊन, खाली पाण्यावरून आणि दगडांवरून परावर्तित झालेलं ऊन. तिथे ‘प्लावात्स माली’ ही काळी द्राक्षं पिकतात. दिंगाचच्या वाईनला १९६१ मध्ये युगोस्लाव्हियात सगळ्यात आधी कायदेशीर संरक्षण मिळालं. पण मळे डोंगराच्या एका बाजूला, पोतोम्ये गाव दुसऱ्या बाजूला. गाढवांवर लादून माल डोंगरापलीकडे न्यायचा! शेवटी १९७० च्या दशकात गावकऱ्यांनीच पुढाकार घेऊन डोंगरातून सुमारे ४०० मीटरचा बोगदा खणला.

गंमत पुढेच आहे. कॅलिफोर्नियाची लाडकी ‘झिनफँडेल’ ही द्राक्षं मूळची इथल्याच किनाऱ्यावरची, हे २००१ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झालं. प्लावात्स माली तिचंच अपत्य!

२०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाला आणि पर्यटकांची वाट आणखी सोपी झाली. कप्तानांच्या वस्तू आता ओरेबिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. मला मात्र जहाज कंपनी आणि बोगदा यांत एकच स्वभाव दिसतो: कुणाची वाट न बघता चार घरांनी एकत्र येऊन मोठं काम अंगावर घ्यायचं. एकदा तो डाव फसला, एकदा साधला. धंदा बदलला, स्वभाव टिकला. पर्यटनाचा वाराही कधीतरी पडेलच, तेव्हा हाच स्वभाव कामी यावा.