स्वस्त होती, फुकट नव्हती : उन्हाळी सुट्टीचा एक छोटा इतिहास

एप्रिल लागला की आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सिनियर मंडळींचा एकच विषय सुरू होतो. शाळांना सुट्टी लागणार, आता मुलांचं करायचं काय? मग समर कॅम्पची पत्रकं फिरतात. रोबोटिक्स, घोडेस्वारी, 'लीडरशिप' (वय वर्षं सहा!). फीचे आकडे ऐकून माझ्यासारखा अजून लग्नही न झालेला प्राणी दचकतो. आणि चर्चा दरवर्षी एकाच वाक्यावर येऊन थांबते : "आमच्या वेळी असलं काही लागायचं नाही हो. एक पैसा खर्च न करता सुट्टी जायची."

हे वाक्य कितपत खरं आहे? माझ्या मते अर्धं. त्या अर्ध्या भागाचा आणि उरलेल्या अर्ध्या भागाचाही थोडा इतिहास या वीकेंडला लिहायचा आहे. उदाहरणासाठी माझं आजोळ घेतो. पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा. (सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा पण याच जिल्ह्यात. आमच्याकडे राजांची कमतरता नाही :-))

आधी सुट्टीचंच बघू. पंतोजींच्या जुन्या शाळेला सुट्ट्या असायच्या त्या सणावाराच्या आणि अमावास्या-पौर्णिमेच्या. सलग दीड-दोन महिने शाळा बंद, ही पद्धत इंग्रजी अमलातल्या सरकारी शाळांबरोबर रुजली. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि ते वेळापत्रक आमच्याकडेही पोचलं. वऱ्हाडी उन्हाने मात्र त्यात स्वतःची दुरुस्ती केली, ती आजही टिकून आहे. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये राज्यात शाळा १६ जूनला सुरू झाल्या, विदर्भात २३ जूनला.

दुसरी गोष्ट रेल्वेची. भुसावळहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. जलंब ते खामगाव हा चिमुकला फाटा १८७० मध्ये सुरू झाला. हे सगळं झालं ते कापसासाठी. खामगावचा कापूस मुंबईला आणि तिथून पुढे इंग्लंडच्या गिरण्यांना न्यायचा होता. पण ज्या गाडीतून कापूस गेला त्याच गाडीतून पुढे माणसंही गेली, नोकरीसाठी शहरात स्थायिक झाली, आणि मे महिन्यात पोराबाळांना घेऊन परत येऊ लागली. लेकीने माहेरी येणं ही चाल फार जुनी. पण 'सुट्टीत मामाच्या गावाला' हा जो वार्षिक कार्यक्रम आपण सनातन समजतो, त्याच्या मागे शाळेचं वेळापत्रक, पगारी नोकरी आणि रेल्वे असे तीन बऱ्यापैकी आधुनिक हात आहेत, असं मला वाटतं.

बरं, तिथे पोचल्यावर मुलं करायची काय? खेळ स्वतः मात्र सुट्टीपेक्षा खूप जुने. तुकारामांच्या अभंगांत विटीदांडू आहे, हुतुतू आहे, हमामा आहे. विटीदांडूत मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल म्हणतात, त्या शब्दांचं नातं तेलुगू-कन्नडच्या एक, दोन, तीन, चारशी आहे. कोणत्या शतकात कोण कोणाकडून शिकलं याची नोंद कोणी ठेवली नाही, पण पोरांनी आकडे ठेवले. १९०५ मध्ये अ. बा. देवधर यांनी 'मराठी खेळांचे पुस्तक' छापलं. म्हणजे हे सगळं लिहून ठेवायला हवं असं तेव्हाच कोणाला तरी वाटू लागलं होतं.

या खेळांकडे इंजिनियरच्या नजरेने बघितलं तर एक गोष्ट लगेच दिसते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि खेळांची अख्खी यादी त्या उन्हाच्या वेळापत्रकावर बसवलेली आहे. सकाळी दहापर्यंत सूरपारंब्या आणि गोट्या. दहानंतर बाहेर दिसलात की आजीची हाक : "अरे पोट्टेहो, एवढ्या उन्हात कायले फिरून राह्यले? ओसरीत बसा!" मग दुपारभर बैठे खेळ, म्हणजे सागरगोटे, काचापाणी, पत्त्यांत बदाम सात नाहीतर मेंढीकोट. ऊन उतरलं की लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या. रात्री अंगणात बाजा टाकून गोष्टी. सप्तर्षीतले चार तारे ही म्हातारीची बाज आणि शेपटाचे तीन तारे ती चोरायला आलेले चोर, ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल देव जाणे. आमच्या लहानपणी, २००५ नंतरच्या काही वर्षांत, लोडशेडिंगने टीव्हीचा प्रश्न परस्पर सोडवला होता. दुपारी लाइटच नसायची.

आता खर्च बघा. अष्टा-चंगाला लागतो कोळशाचा किंवा विटेचा एक तुकडा, पाच गुणिले पाच घरांचा पट काढायला. आणि दोन चिंचोके. ते फोडून चार अर्धुकं करायची, हे झाले फासे. पांढरी बाजू जितक्या अर्धुकांची वर, तितकी घरं पुढे जायचं. चारही पांढरी पडली तर चंग, म्हणजे चार. चारही काळी पडली तर अष्टा, म्हणजे आठ. कॉलेजात प्रॉबॅबिलिटी शिकल्यावर मी हे मांडून बघितलं होतं. एकूण सोळा शक्यता. त्यातल्या सहांत दोन पडतात, चारांत एक, चारांत तीन, आणि चंग व अष्टा प्रत्येकी एकदाच. म्हणजे दोघं सारखेच दुर्मिळ, तरी अष्टाला दुप्पट मोल! अर्थात हे झालं कागदावर. खऱ्या चिंचोक्याची एक बाजू सपाट आणि एक फुगीर, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतील असं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला शंभर वेळा चिंचोके टाकून वहीत नोंद करायला सांगा. एक दुपार आरामात जाते आणि आयुष्यभर पुरेल असं स्टॅटिस्टिक्स शिकून होतं.

दुसरं उदाहरण धांड्याच्या बैलगाडीचं. धांडा म्हणजे ज्वारीचं वाळलेलं ताट. वरची साल सोलली की तिच्या चिवट काड्या निघतात, आत पांढरा, स्पंजसारखा हलका गाभा राहतो. गाभ्यात काडी टोचली की पक्की बसते. गाभ्याचे सांधे, सालीच्या काड्या, बस्स. यातून चाकं, जू, बैल, सगळं होतं. खिळा नाही, डिंक नाही.

अशीच कल्पना पुढे एका इंजिनियरने फार लांबवर नेली. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे. पुण्याला टेल्कोत नोकरी करत असताना १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांमधल्या विज्ञान कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि आगकाड्या घेऊन सांगाडे बनवायला सुरुवात केली. ट्यूबचा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे बार. त्रिकोण केला तर हलत नाही, चौकोन केला तर लगेच कलंडतो. पूल आणि छपरांमध्ये त्रिकोण का असतात हे मुलाला एका मिनिटात कळतं. पुढे २००३ पासून ते पुण्यात आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात होते आणि तिथून कचऱ्यातून खेळण्यांचे शेकडो प्रयोग त्यांनी सगळ्यांसाठी मोफत खुले केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथपर्यंत कॅन्टीनमधलं वाक्य खरं ठरतं. सामान फुकटच होतं.

आता उरलेला अर्धा भाग. आजोळी मे महिन्यात आम्ही नऊ-दहा पोरं जमायचो. दहा पोरांचं दोन वेळचं जेवण, आंघोळीचं पाणी, फुटलेले गुडघे, भांडणं, आणि त्यातच वाळवणाचा हंगाम. पापड, कुरडया, शेवया. आम्हाला ती मजा वाटायची. लाट्या खायच्या, कुरडईचा चीक खायचा, आणि काठी घेऊन गच्चीवर कावळ्यांपासून राखण करायची. पण पहाटे चारला उठून तो चीक शिजवत कोण होतं? मामी. मामीला उन्हाळी सुट्टी नव्हती. तिचं स्वतःचं माहेर आमच्या सुट्टीत कधी बसायचं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

आणि सुट्टी सगळ्या मुलांची सारखी नव्हतीच. मजुरांची मुलं मे महिन्यात आईबापाबरोबर शेतात धसकटं वेचत होती, पेरणीआधी रान साफ व्हायला हवं ना. मुली सागरगोटे खेळायच्या तेव्हा मांडीवर बहुतेक वेळा धाकटा भाऊ असायचा, आणि खेळ अर्धा टाकून पाण्याच्या रांगेत जायची वेळ त्यांच्यावरच यायची. गावाच्या पलीकडच्या वस्तीतली पोरं आमच्या आट्यापाट्यांत कधी दिसायची नाहीत. 'आमच्या वेळी सगळी पोरं एकत्र खेळायची' या वाक्यातल्या 'सगळी' या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो.

म्हणजे खर्च होता. तो पैशात नव्हता, कोणाच्या तरी वेळात होता. कोणीतरी सावली धरायची, लक्ष ठेवायचं, खायला घालायचं. आजचा समर कॅम्प जी फी घेतो ती मुख्यतः याचीच. आजी गावी, मामी नोकरीवर (आणि ते उत्तमच झालं), दोन्ही पालक ऑफिसात. पूर्वी घरातल्या बायका जो वेळ न विचारता देत होत्या, त्याचं आता बिल येतं.

पण कुटुंब आणि बाजार यांच्या मधला एक तिसरा रस्ताही महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच काही लोकांनी काढला होता. आपण तो विसरलोय.

आमच्या वऱ्हाडातलंच बघा. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. गल्लीतले खेळ उचलून त्यांना मैदान, नियम आणि शिकवणारी माणसं दिली. इतकं की १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. आट्यापाट्यांना साहित्य काय लागतं? जमिनीवर आखलेल्या रेघा! आणि रेघा आखणारा कोणीतरी.

लहान मुलांसाठी हेच काम ताराबाई मोडकांनी केलं. त्याही काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या. १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसोरी पद्धत त्यांना पटली होती, पण तिची साधनं महाग आणि खेड्यात मिळणारी नव्हेत. मग १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी दगड, शिंपले, पानं, बिया हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांमागे कुरणात नेली. धसकटं वेचणाऱ्या पोरांचा विचार कोणी केला होता का, याचं उत्तर कोसबाडला मिळतं. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा (१९४१ पासून), प्रकाशभाई मोहाडीकरांनी सुरू केलेली साने गुरुजी कथामाला, बालभारतीचं १९७१ पासूनचं 'किशोर' मासिक, ही सगळी त्याच रस्त्यावरची मंडळी. सामान स्वस्त, आणि मोठ्या माणसांचा वेळ वाटून घेतलेला.

आपल्या सोसायटीत यातलं काय जमेल? मी हिशेब करून बघितला. पुण्यात सुट्टी साधारण सहा आठवडे, म्हणजे कामाचे तीस दिवस. दहा घरांनी प्रत्येकी तीन दिवस घेतले तर संपला प्रश्न. तीन दिवस रजा किंवा आळीपाळीने घरून काम, इतकं बहुतेकांना जमतं. फक्त दोन अटी. एक, त्या तीन दिवसांपुढे आपोआप घरातल्या बाईचं नाव लिहायचं नाही. दोन, वॉचमनची आणि घरकामाला येणाऱ्या मावशींची मुलंही पटात घ्यायची. तीही त्याच पार्किंगच्या सावलीत दुपार काढतात, आणि विटीदांडू कदाचित आपल्या मुलांपेक्षा बरा खेळतात.

सामानाची यादी देतो : पावशेर चिंचोके, खडूचा डबा, पत्त्यांचे दोन जोड, सात चपटे दगड, एक रबरी चेंडू, आगकाड्या, सायकलच्या दुकानातून हातभर व्हॉल्व्ह ट्यूब. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत, त्यातले चार-पाच छापून घ्या. ज्वारीचे धांडे मात्र आता पिंपळगावातही सहज मिळत नाहीत. वऱ्हाडातली ज्वारीची बरीच वावरं सोयाबीनखाली गेली, आणि सोयाबीनच्या कुटाराची बैलगाडी होत नाही. कोणाच्या गावी अजून ज्वारी असेल तर येताना एक पेंढी घेऊन या. गाडी कशी करायची ते मी येऊन दाखवतो. माझे तीन दिवस मी आत्ताच देऊन टाकले आहेत.