पत्र उशिरा पोहोचले

पॅरिस, १५ एप्रिल १८७५. 'झेनित' या फुग्याचे उड्डाण.

उड्डाणापूर्वी
शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर शहराबाहेर आहेत. वर्षभरापूर्वी जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल या फुगेस्वारांना त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या बंद लोखंडी कोठीत बसवून आतल्या हवेचा दाब उतरवला होता. दाब घटताच शरीर कसे मंदावते आणि ऑक्सिजन हुंगल्यावर कसे सावरते, हे दोघांनी तिथे स्वतः अनुभवले. आता नव्या मोहिमेची तयारी कळताच बेर पत्र लिहितात: सोबतचा ऑक्सिजन पुरणार नाही, तिघांना मिनिटाला किमान २० लिटर लागेल. पत्र वेळेत पोहोचत नाही.

सकाळी ११.३५
ला व्हिलेतच्या गॅस कारखान्यातून फुगा सुटतो. टोपलीत क्रोसे-स्पिनेली, सिव्हेल आणि रसायनतज्ज्ञ गास्ताँ तिसांदिए आहेत. डोक्यावर ऑक्सिजन मिसळलेल्या हवेच्या तीन पिशव्या टांगल्या आहेत. साठा थोडा असल्याने अगदी गरज भासेल तेव्हाच तो वापरायचा, असे ठरले आहे. घात इथेच झाला. गरज ओळखायची ती मेंदूने, आणि ऑक्सिजन घटला की आधी मंदावतो तो मेंदूच.

दुपारी १.२०
उंची ७,००० मीटर. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण इथेही जमिनीवर असते तितकेच, सुमारे २१ टक्के आहे. पण दाब निम्म्याहून खाली आल्याने प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा ऑक्सिजनही निम्म्याहून कमी झाला आहे. क्रोसे धापा टाकतो आहे, सिव्हेलचे डोळे मिटू लागले आहेत. तिसांदिए वहीत नोंद करतो, पण ती केल्याचे त्याला पुढे नीट आठवणार नाही.

१.३० च्या सुमारास
सिव्हेल वाळूची पोती टोपलीला बांधणाऱ्या दोऱ्या कापतो. फुगा झपाट्याने वर जातो. तिसांदिएला वेदना होत नाहीत, भीतीही वाटत नाही. उलट आतून आनंद दाटून येतो. आपण वर चाललो आहोत एवढेच त्याला कळते आणि त्याचेच सुख वाटते. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यावर होते. विरळ हवेत माणूस भराभर श्वास घेतो, तो वायू बाहेर पडत राहतो आणि शरीर धोक्याची घंटा वाजवतच नाही. तिसांदिए ऑक्सिजनच्या नळीकडे हात नेऊ पाहतो. हात उचलवत नाही. आपण ८,००० मीटरवर आलो, हे ओरडून सांगावेसे वाटते. जीभ हलत नाही. त्याची शुद्ध हरपते.

२.०८
तिसांदिए जागा होतो. फुगा खाली येतो आहे, सोबती निपचित पडले आहेत. थोड्या वेळाने क्रोसे शुद्धीवर येतो आणि भांबावल्या अवस्थेत वजन कमी करू लागतो. एक जड यंत्रही तो बाहेर लोटतो. ज्या खाली येण्याने तिघे कदाचित वाचले असते, तेच तो थांबवतो. फुगा पुन्हा वर उसळतो. तिसांदिएची शुद्ध पुन्हा जाते.

३.३०
तो डोळे उघडतो. सोबत्यांना हलवतो, हाका मारतो. सिव्हेलचा चेहरा काळवंडला आहे, दोघांच्या तोंडात रक्त आहे. दोघेही गेले आहेत.

४.००
मध्य फ्रान्समधल्या सिराँ गावाजवळ फुगा जमिनीवर आदळतो. हवेचा दाब नोंदवणाऱ्या सोबतच्या नलिकांवरून कमाल उंची सुमारे ८,६०० मीटर निघाली. तिसांदिए वाचला, पण त्याची श्रवणशक्ती गेली.

त्यानंतर
१९७८ मध्ये राइनहोल्ड मेस्नर आणि पीटर हाबेलर याहूनही उंच एव्हरेस्टवर ऑक्सिजनच्या टाकीविना पोहोचले. त्यांच्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला कित्येक आठवडे मिळाले होते. 'झेनित'वरच्या तिघांना दोन तासही मिळाले नाहीत.

त्या उड्डाणाचा धडा आज प्रवासी विमानांत ऐकायला मिळतो: मास्क खाली आला की आधी स्वतःचा लावा, मग शेजारच्याला मदत करा. प्रवासी विमानाच्या उंचीवर केबिनचा दाब अचानक गेला, तर हात-डोके चालण्याचा अवधी जेमतेम अर्धा ते एक मिनिट असतो. त्या मिनिटात तुम्हाला बरेही वाटू शकेल. त्या वाटण्यावर विश्वास ठेवू नका. मास्क लावा.