मका, पाणी आणि वीज : संवर्धित शेतीचा हिशेब

दुबईत वीज आणि पाणी यांचे देयक एकत्रच येते. ही केवळ कार्यालयीन सोय नाही. येथे नळाला येणारे पाणी प्रामुख्याने समुद्राचे असते आणि ते गोडे करण्यासाठी ऊर्जा खर्च होते. आधुनिक व्युत्क्रम परासरण प्रकल्पात एक हजार लिटर पाण्यामागे साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. अमिरातीत पाणी वाचविणे म्हणजे वीज वाचविणे, हे त्यामुळे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातील शेतीलाही हाच नियम लागू आहे. मात्र तेथे तो देयकावर दिसत नाही. मक्याच्या पिकाचा हिशेब मांडला, की तो स्पष्ट होतो.

मक्याची तहान

मका हे पाण्याचा काटकसरीने वापर करणाऱ्या वनस्पतींच्या सी-४ गटातील पीक आहे. ज्वारी, बाजरी आणि ऊसही याच गटात मोडतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मध्यम कालावधीच्या मक्याला हंगामात ५०० ते ८०० मिलिमीटर पाणी लागते आणि एक घनमीटर पाण्यातून ०.८ ते १.६ किलो दाणे मिळतात. म्हणजेच एक किलो मक्यामागे सुमारे ६२५ ते १,२५० लिटर पाणी खर्ची पडते.

हे सर्व पाणी पिकाच्या शरीरातून जात नाही. पीक लहान असताना दोन ओळींमधील उघडी जमीन तापते आणि ओलावा थेट हवेत निघून जातो. सिंचनाच्या मक्यात असा वाया जाणारा भाग एकूण पाणीवापराच्या ३० टक्क्यांपर्यंत असू शकतो. संवर्धित शेती मुख्यतः याच भागाला हात घालते.

तीन तत्त्वे, एक पद्धत

संवर्धित शेतीची तत्त्वे तीन आहेत : जमिनीची कमीत कमी हलवाहलव, पिकाच्या अवशेषांचे कायम आच्छादन, निदान ३० टक्के भूभागावर, आणि पिकांची फेरपालट. नांगरट थांबली, की जुन्या मुळांच्या व गांडुळांच्या पोकळ्या शाबूत राहतात आणि पाऊस जिरतो. आच्छादनामुळे ऊन मातीला थेट भिडत नाही. फेरपालटीने कीड-रोगांची साखळी तुटते आणि हरभरा, तूर यांसारखी पिके जमिनीत नत्र सोडून जातात.

ही तत्त्वे सुटी-सुटी घेतली तर फसवतात. २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ६१० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. विना-नांगरणी शेतीत उत्पादन सरासरी ५.७ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र कोरड्या हवामानातील पावसावरच्या शेतीत तिन्ही तत्त्वे एकत्र पाळली, तेव्हा उत्पादन ७.३ टक्क्यांनी वाढलेले आढळले. नुसता नांगर बाजूला ठेवणे म्हणजे संवर्धित शेती नव्हे.

तेच पाणी, निराळी वीज

आता एक साधे गणित करू. एका हेक्टरवरील मक्याला ५०० मिलिमीटर, म्हणजे ५,००० घनमीटर पाणी लागते असे धरू. त्यातील ३० टक्के मातीतून उडून जाते आणि आच्छादनाने ही गळती निम्म्यावर येते, असे मानले तर ७५० घनमीटर पाणी वाचते.

शंभर मीटर खोल कूपनलिकेतून एक घनमीटर पाणी उचलण्यास पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने ०.२७ युनिट वीज पुरते. पंपाची कार्यक्षमता ४५ टक्के धरली, तर प्रत्यक्षात ०.६ युनिट लागते. म्हणजे मराठवाड्यातील अशा शेतात हेक्टरी ४५० युनिट वाचतात. तेच पाणी समुद्राचे गोडे केलेले असेल, तर वाचणारी वीज २,२५० ते ३,००० युनिटांवर जाते. काटकसर एकच, परंतु पाणी जितके खोल किंवा जितके खारट, तितके तिचे मोल वाढते. मराठवाड्यात कूपनलिका दरवर्षी आणखी खोल जात असतील, तर तेथील शेतकरी नकळत अमिरातीच्या हिशेबाकडे सरकत आहे.

ऊर्जेचा दुसरा खर्च डिझेलचा. गंगेच्या मैदानात शून्य मशागतीच्या गव्हाने हेक्टरी सुमारे ३६ लिटर डिझेल वाचविल्याची नोंद आहे. तिसरा आणि बहुधा सर्वांत मोठा खर्च खताच्या पोत्यात दडलेला असतो. मक्याला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस केली जाते. एक किलो नत्र तयार करण्यास ५० ते ६० मेगाज्यूल ऊर्जा लागते, असे धरले तर हा खर्च १६५ ते २०० लिटर डिझेलएवढा भरतो. हा खर्च नांगर थांबविल्याने लगेच घटत नाही. उलट सुरुवातीच्या हंगामांत मक्याची ताटे कुजताना जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात. खताची खरी बचत होते ती फेरपालटीतल्या कडधान्यामुळे.

महाराष्ट्रातील वाट

महाराष्ट्रात या विचाराला स्थानिक रूप दिले ते रायगड जिल्ह्यातील नेरळच्या सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी. त्यांची पद्धत ‘एसआरटी’ या नावाने ओळखली जाते. गादीवाफे एकदाच पाडायचे, साच्याने छिद्रे करून टोकणणी करायची आणि काढणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. भातापासून सुरू झालेली ही पद्धत पुढे इतर पिकांकडे गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने तिचा प्रसार विदर्भ-मराठवाड्यात केला.

अडचणीही खऱ्या आहेत. पहिली गुरांची : मक्याची ताटे हा चारा आहे, आणि दुष्काळी वर्षात तो मातीवर पसरा, असे सांगणे सोपे नाही. कणसे काढल्यावर वरचा पाल्याचा भाग गुरांना आणि खालचा जाड बुडखा व मुळे जमिनीला, ही वाटणी त्यातल्या त्यात व्यवहार्य ठरते. दुसरी तणांची : नांगर थांबला, की तणनाशकावरचा भार वाढतो. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. त्यामुळे दाट आच्छादन आणि फेरपालट यांना पर्याय उरत नाही. तिसरी अडचण किमतीची. राज्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्यात येते. शेतकऱ्याला त्याचा दिलासा आहेच. पण वाचलेली ४५० युनिटे त्याच्या खिशात दिसत नाहीत आणि भूजल मात्र उतरत राहते.

अमिरातीचा धडा

अमिरातीने हा अनुभव आधी घेतला आहे. येथे वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. तरीही ऱ्होड्स गवतासारखा तहानलेला चारा भूजलावर पिकविला जात होता. अबुधाबीने २०१० मध्ये त्याचे अनुदान थांबविले आणि २०१६ मध्ये भूजलाच्या नियमनाचा कायदा केला. दुबईतील आंतरराष्ट्रीय क्षारयुक्त शेती केंद्र १९९९ पासून खाऱ्या पाण्यावर तग धरणाऱ्या पिकांचा शोध घेत आहे. मका त्या यादीत सहज बसत नाही, कारण मातीची क्षारता १.७ डेसिसिमेन्सच्या पुढे गेली, की त्याचे उत्पादन घटू लागते. आच्छादनाचा येथे दुहेरी उपयोग होतो. पाणी कमी उडाले, की त्यासोबत वर येणारे क्षारही पृष्ठभागावर कमी साचतात.

परदेशात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची गावाकडची जमीन आज वाट्याने किंवा खंडाने कसली जाते. मातीचा कस सुधारण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. वर्षाच्या बोलीवर जमीन कसणारा माणूस तितकी वाट कशी पाहील? ताटे शेतात ठेवायची, तर चाऱ्याचे नुकसान त्याचे आणि सुधारलेली जमीन मालकाची. म्हणून करार किमान पाच वर्षांचा असावा, पहिल्या हंगामांतील चाऱ्याची भरपाई मालकाने उचलावी आणि प्रयोग आधी अर्ध्या एकरावर करावा. पंपाला मीटर बसवून घेणेही तितकेच महत्त्वाचे. पाण्याचा आणि विजेचा आकडा दरमहा समोर आला, की काटकसर आपोआप सुचते, हे दुबईत राहणाऱ्याला अनुभवाने ठाऊक आहे.