ढगातल्या मिठाची कुळकथा

मृग लागला की लोणावळ्याच्या घराघरांत मिठाला पाणी सुटतं. झाकण कितीही घट्ट लावा, बरणीच्या तळाशी ओल येतेच. मग कुणी मीठ भाजून घेतं, कुणी त्यात तांदळाचे दाणे टाकतं. कृत्रिम पावसाची एक मोठी शाखा याच गुणावर उभी आहे. मीठ हवेतली वाफ ओढतं. ढगात मिठाची बारीक पूड सोडली की तिच्याभोवती पाणी धरतं, थेंब मोठा होतो आणि वाटेतले छोटे थेंब गोळा करत खाली येतो.

दुसरी शाखा थंडीची. १९४६ साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून ढगावर शुष्क बर्फ टाकला आणि ढगातून हिमकण झरले. त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी त्याच सुमारास सिल्व्हर आयोडाइडचा उपाय शोधला. पाचच वर्षांत, १९५१ साली, टाटांनी पश्चिम घाटावर जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइड सोडून पाहिलं. भारतातला हा पहिला प्रयत्न मानतात. टाटांना ढगांची ओढ का, हे मावळात सांगावं लागत नाही. वळवण, शिरोता, ठोकरवाडी या धरणांत साठणाऱ्या पावसावरच त्यांची खोपोली आणि भिवपुरीची वीजघरं फिरतात. खोपोलीचं तर १९१५ पासून.

पण पडलेला पाऊस आपल्या औषधाने पडला की तो पडणारच होता, हे कसं ओळखायचं? वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या लोणावळ्यात ते ओळखणं फारच अवघड. म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घाट ओलांडून बारामतीच्या बाजूचा, पर्जन्यछायेतला मुलूख निवडला. १९७३ ते १९८६ या काळात ११ पावसाळे विमानातून मिठाची पूड सोडली. मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची भुकटी मिसळली. प्रदेशाचे तीन भाग केले: उत्तर, दक्षिण आणि मधला मोकळा पट्टा. आज मीठ उत्तरेला की दक्षिणेला, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरायचं; उरलेला भाग तुलनेला. मला या प्रयोगाचा सगळ्यात मोठा अभिमान वाटतो तो या शिस्तीचा.

निष्कर्ष निघाला सुमारे २४ टक्के वाढीचा. पण त्यातली एक नोंद फार कमी सांगितली जाते. किलोमीटरहून जाड, भरपूर पाण्याच्या ढगांनी पाऊस वाढवला. पातळ ढग मात्र मीठ पडल्यावर विरून जाण्याकडे झुकले. तेच मीठ, तोच हात, ढग तेवढा वेगळा.

आता आकाशात असाच हस्तक्षेप, वेगळ्या रीतीने, अख्ख्या पृथ्वीवर करायचा विचार चालला आहे. १९९१ साली फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि वर्षभरात पृथ्वी जवळपास अर्धा अंश निवली. आकाशात गंधक फवारून उन्हाआड तसाच पडदा माणसाने धरावा, ही कल्पना. पण पिनाटुबोनंतरच्या वर्षी जगभरच्या जमिनीवरचा पाऊसही घटला होता. असा पडदा धरल्यास आशियातला मोसमी पाऊस दुबळा होईल, असं २००८ सालच्या एका गाजलेल्या संगणकी अभ्यासात दिसलं. किती आणि कुठे, यावर एकमत नाही. शिवाय कार्बन तसाच साठत राहणार. फवारणी मध्येच थांबली तर दडलेली उष्णता काही वर्षांत एकदम अंगावर येणार. आणि इथं तुलनेला ठेवायला दक्षिण भाग नाही, मधला मोकळा पट्टा नाही.

मोसमी पाऊस हलला तर झळ कुणाला, ते मावळात दिसतं. वडगावच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ मावळच्या खाचरांत पिकतो. आर्द्रा-पुनर्वसूत आवणीला चिखल मिळाला नाही, तर रोपं तरव्यातच पिवळी पडतात. हवामान शस्त्र म्हणून वापरायला १९७७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. भल्यासाठी म्हणून आकाशात गंधक सोडणाऱ्याला अडवणारा खास करार मात्र आजही नाही. तो व्हायला हवा, आणि त्याच्या टेबलाशी पावसावर भात लावणाऱ्या देशांना पहिल्या रांगेत जागा हवी. आपल्या सरकारने ती आत्ताच मागावी.